नर्सबाईंचा मुद्दा

चारचौघांत 'लघवी' हा शब्द मोठ्यानं उच्चारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तेही दवाखान्यात नाही, आमच्या गावच्या पर्यटन विकास समितीच्या बैठकीत. समोर सरपंच, तीन हॉटेलवाले, देवळाचे विश्वस्त आणि पुण्याहून आलेले एक सल्लागार बसले होते. सल्लागार भिंतीवर चित्रं दाखवत होते. परदेशातलं कुठलंसं निळंशार तळं दाखवून ते म्हणाले, "हे आपल्या डिंभे धरणाच्या पाण्यावर का होऊ नये?" हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नव्हता. पण मागच्या सतरंजीवरून दुसराच प्रश्न आला.

"ते व्हईल तवा व्हईल. पर बायांनी लघवीला जायचं कुठं?"

सरपंचांनी छताकडे पाहिलं. विश्वस्तांनी डोळे मिटून घेतले. सल्लागारांनी गडबडीनं पुढचं चित्र लावलं, तर नेमका धबधबा आला.

"बगा," मागून आवाज आला, "आता तर लईच निकड."

या मालतीबाई. अर्थात हे नाव त्यांच्या आधार कार्डापुरतं. गावाला त्या नर्सबाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी नर्सबाईच. नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी तळेघरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर काढला. तिकडं गाड्या कमी आणि पायपीट फार. खांद्याला लशींचा डबा लावून नाचणीच्या बांधाबांधानं त्या चालायच्या. निम्म्या तालुक्याला त्यांनी सुया टोचल्या आहेत. तो निम्मा तालुका अजूनही त्यांना पाहिलं की नकळत दंडाला हात लावतो.

आमचं गाव घोडेगाव मागं टाकलं की लागतं, भीमाशंकरच्या रस्त्यावर. गावात पाहण्यासारखं काही नाही. हे मी गावच्या शाळेत मास्तर असून सांगतो, आणि दरवर्षी मुलांकडून 'माझा गाव' हा निबंध लिहून घेऊनही सांगतो. पण शहरातला माणूस पहाटे निघाला की आमच्यापाशी येईतो त्याला चहा हवा असतो, त्याच्या पोराला मळमळत असतं आणि पुढच्या वळणांची धास्ती असते. म्हणून गाड्या थांबतात. पूर्वी चार-दोन थांबायच्या. आता श्रावणात, सुट्ट्यांत आणि काजव्यांच्या दिवसांत रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं. टपऱ्यांची हॉटेलं झाली, हॉटेलांची रिसॉर्ट झाली, भाताच्या खाचरांत तंबू उभे राहिले. गाव वाढलं. आणि गाव वाढलं की समित्या वाढतात.

समिती म्हटली की सचिव लागतो, आणि सचिव म्हटला की गुरुजी. जनगणना गुरुजींनी करायची, मतदार याद्या गुरुजींनी फिरवायच्या, खिचडीचा तांदूळ गुरुजींनी सांभाळायचा. मग पर्यटन तेवढं का सोडायचं? माझं अक्षर चांगलं आहे. माझ्या सगळ्या गुणांत मला सर्वांत महाग पडलेला गुण हाच. शिवाय 'सांस्कृतिक कार्यक्रम' या नावाखाली गावात जे होतं ते माझ्या चौथीच्या मुलांचं लेझीम. आमदार आले, लेझीम. बँकेचा साहेब आला, लेझीम. मुलांना पाढे येत नाहीत, लेझीम येतं.

समितीपुढं कायमचा विषय एकच. पुढं भीमाशंकर, मागं शिवनेरी आणि लेण्याद्री, मधे आपण. लोक आपल्याकडं थांबतात, पण टिकत नाहीत. तेव्हा आपलं आकर्षण काय? सरपंच तात्यांना कमान हवी होती. "कमान म्हंजे गावाचं तोंड, राव. तोंडच न्हाई त्या गावाला पावणं कसं वळखणार?" हॉटेलवाल्यांना गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं हवी होती आणि मधे लाल बदाम, म्हणजे लोक त्याच्यापुढं फोटो काढतील. विश्वस्तांना दीपमाळ. सल्लागारांनी मासवडी निवडली होती. आमच्या घरच्या बायका सकाळपासून बेसन शिजवून, सारण भरून जी मासवडी थापतात, ती सल्लागारांच्या चित्रात पांढऱ्या बशीत एकटीच आडवी पडली होती आणि तिच्या डोक्यावर कोथिंबिरीचं एक पान होतं. तिच्याकडं पाहून मला उगीचच वाईट वाटलं.

हे सगळं झालं की शेवटी नर्सबाई उठायच्या. वाक्य तेच.

"नर्सबाई, विषय पर्यटनाचा चाललाय," तात्या म्हणायचे.

"मग मी कशाचं बोलतीया? बाई तीन-तीन तास गाडीत बसून येती. उतरल्या उतरल्या ती काय कमान बगती व्हय? ती आडोसा बगती. गड्यांचं काय, त्यांना समदा तालुका मोकळा."

"हॉटेलामागं पत्र्याचं हाय की."

"त्याला कडी न्हाई. दाराला हातानं धरून बसाया लागतं. तुमी बसून बगा."

अशा वेळी इतिवृत्तात काय लिहायचं हा मला प्रश्न पडे. पहिल्या बैठकीनंतर मी लिहिलं होतं, 'स्वच्छताविषयक बाबींवर चर्चा झाली.' पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवलं तर नर्सबाई उभ्या राहिल्या.

"गुर्जी, चर्चा न्हाई झाली. मी इचारलं आन् तुमी समदे वर बगाया लागले. तसं ल्हिवा."

तसं लिहिता येत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "का? तुमचं अक्षर तर चांगलं हाय," त्या म्हणाल्या.

तात्यांनी एकदा जरा आवाज चढवला. म्हणाले, "एकच रडगाणं किती दिवस? तुमाला दुसरा काय मुद्दा हाय का न्हाई?" नर्सबाई अजिबात चिडल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि नाडी बघावी तशा मायेनं विचारलं, "तात्या, रातच्याला किती येळा उठता?" तात्या साठीचे. सभा पुढं चालली, पण तात्या त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत. आठवड्यानं ते घोडेगावला तपासून आले असं कानावर आलं.

नर्सबाईंचं घर एसटीच्या थांब्याच्या अगदी समोर आहे. निवृत्त झाल्यावर बांधलेलं, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की एका वेळी एकाच माणसानं वळावं, आणि संडास-न्हाणी मात्र ऐसपैस. गवंड्यानं म्हणे दोनदा विचारलं, बाई, नकाशा उलटा तर नाही ना धरला? पुढच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, तिपाईवर पाण्याचा तांब्या आणि पालथे घातलेले पेले. दाराबाहेर कढीपत्त्याचं झाड. समितीनं ठराव करो न करो, गावातलं बायकांचं स्वच्छतागृह हेच होतं.

त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. गाडी थांबली की चष्म्यातून उतरणाऱ्या बायकांकडं बघायच्या. कुणी चहाकडं जाई, कुणी फोन काढी. एखादी मात्र हॉटेलाच्या मागं जाऊन येई, पुन्हा गाडीपाशी उभी राही, पुन्हा इकडंतिकडं बघे. तिला हाक जायची.

"ए बाई! या हिकडं. लाजू नका, मी नर्स हाय."

बाई लाजायचीच. इतक्या जोरात हाक आल्यावर कोण लाजणार नाही? सगळा थांबा तिच्याकडं बघे. पण निकड ही निकड. चप्पल काढून ती आत जाई. बाहेर आली की नर्सबाई दारात आडव्या. लगेच जायचं नाही. खुर्चीवर बसायचं. पाणी प्यायचं. "प्रवासात बाया पाणी पीत न्हाईत, गुर्जी," त्या मला सांगत, "जायाला जागा न्हाई म्हणून पीतच न्हाईत. देवाला जात्यात आन् मुतखडा घिऊन येत्यात." म्हणून पेलाभर पाणी ही सक्ती. बायका बिचाऱ्या पाणी पीत, नर्सबाई विचारत, कुठल्या, माहेर कुठलं, पोरंबाळं किती. पाच मिनिटांची दहा होत. बाहेर नवरे हॉर्न वाजवत.

"वाजव म्हणावं," नर्सबाई आतून म्हणत.

एकदा मी खिचडीचा हिशेब मिटवून त्यांच्या ओट्यावर टेकलो होतो. एक चांगल्या घरची, भरजरी साडीतली बाई आत गेली, बाहेर आली, खुर्चीवर बसली. नर्सबाईंनी पेला पुढं केला. बाईची नजर भिंतीवरच्या फोटोंकडं गेली, मग पेल्याकडं. "नको, माझा उपास आहे," ती म्हणाली. उपासाला पाणी चालतं हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. माझीच मान खाली गेली. नर्सबाईंनी पेला शांतपणे परत तिपाईवर ठेवला. "नको तर नको," त्या म्हणाल्या, "पर आतला नळ नीट बंद करून या. टपटप आवाज येतोय." बाई निमूट आत जाऊन नळ बंद करून आली. ती गेल्यावर नर्सबाई मला म्हणाल्या, "मोकळी झाली ना? मग झालं." आणि पुढच्या गाडीकडं बघायला लागल्या.

अशी काही वर्षं गेली. सल्लागार बदलले. कमानीचे दोन खांब उभे राहिले आणि तसेच राहिले. त्यांच्यावर वाढदिवसाचे फलक लागू लागले. मग एकदा जिल्ह्याहून पाहणीचं पथक येणार असं कळलं. पर्यटनासाठी गावं निवडायची होती. गावात आठ दिवस धावपळ. कमानीच्या खांबांना चुना लावला. मासवडीसाठी दहा घरांत निरोप गेले. लेझीम अर्थातच होतं.

पथक दुपारी आलं. प्रमुख एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, चेहरा उन्हानं आणि सत्कारांनी थकलेला. आमच्या आधी त्यांची चार गावं झाली होती. प्रत्येक गावानं त्यांना नारळपाणी, ताक आणि चहा दिला होता. आम्हीही फेटा बांधला, ओवाळलं आणि ताक दिलं. मॅडमनी पेला हातात घेतला आणि पितच नाहीत. तात्या कमानीबद्दल बोलत होते. मुलं लेझमाची तिसरी चाल करत होती. मॅडम माझ्याकडं किंचित झुकून हळूच म्हणाल्या, "सर, इथं जवळपास कुठं..."

मास्तरला अर्धं वाक्य पुरं करायची सवय असते. मी तात्यांकडं पाहिलं. तात्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांचं घर वरच्या आळीला, तिथवर मॅडमना चालवत न्यायचं म्हणजे मिरवणूकच. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत असतानाच लेझमाच्या दोन रांगांमधून नर्सबाई सरळ चालत आल्या. मुलं थांबली. त्यांनी मॅडमच्या हातातला ताकाचा पेला काढून माझ्या हातात दिला आणि मॅडमचं मनगट धरलं.

"चला."

मॅडम गेल्या. आम्ही उभे. लेझीम पुन्हा सुरू करू का म्हणून मुलांनी विचारलं, मी नको म्हणालो. पंधरा मिनिटं झाली, मग अर्धा तास. पथकातले बाकीचे साहेब मासवडी खात होते. तात्यांना घाम फुटला. "काय सांगत आसंल राव ती? गुर्जी, तुमी जाऊन बगा की."

"तिथं मी काय बघू, तात्या?"

शेवटी मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं, केस विंचरलेले होते, फेटा काखेत होता आणि हातात कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या होत्या. चेहऱ्यावरची सगळी दुपार उतरली होती. त्या तात्यांना म्हणाल्या, "तुमच्या गावात सगळं आहे. एकच गोष्ट नाही. आधी ती करू. कमानीचं नंतर बघू."

आत काय बोलणं झालं, असं मी नर्सबाईंना विचारलं. "पेशंटचं भाईर सांगत नसत्यात," त्या म्हणाल्या.

मंजुरी आली. बांधकामावर देखरेख कुणी करायची? गुरुजींनी. पण मला काही करावं लागलं नाही. नर्सबाई आपली खुर्ची उचलून रोज जागेवर जाऊन बसत. गवंड्याला त्यांनी नको नको करून सोडलं. कडी आतून, आणि ती एका हातानं लागली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात लेकरू असतं. पर्स अडकवायला खुंटी हवी. "पर्स काय दातात धरायची?" खिडकी वर, पण उजेड आला पाहिजे. झाकणाची बादली हवी आणि ती का हवी हे गवंड्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला ते इतकं सविस्तर सांगितलं की तो उरलेला दिवस मान वर न करता विटा लावत होता.

उद्घाटनाला त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. तात्यांनी भाषणात 'गावची माउली' वगैरे म्हटलं. नर्सबाई खुर्चीच्या काठावर अवघडून बसल्या होत्या. बोला म्हटल्यावर उठून म्हणाल्या, "पाणी बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?" सगळ्या समितीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

आणि खरं सांगायचं तर काम नामी झालं होतं. बचत गटाच्या बायकांनी झाडलोट घेतली. पाणी कधी तुटलं नाही, दिवा कधी गेला नाही. येणाऱ्या बायकांनी मोबाइलवरच्या नकाशात लिहून ठेवलं, भीमाशंकरला जाताना इथंच थांबा. गाड्या वाढल्या. इतकी वर्षं समिती गावाचं आकर्षण शोधत होती, ते सापडलं. फक्त त्याच्यापुढं उभं राहून कुणी फोटो काढत नव्हतं. शनिवारी मी तिथून जाताना बायकांची हसत बोलत बाहेर पडणारी रांग बघायचो, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत निदान एक गोष्ट धड झाली असं वाटून पाय जरा हलके पडायचे.

मग नर्सबाईंचे फोन सुरू झाले.

"गुर्जी, कडी ढिली झालीय." मी शाळा सुटल्यावर गेलो. कडी घट्ट होती. चार दिवसांनी, "वास मारतोय." वास फिनेलचा होता. "दिवा लुकलुक करतोय." नव्हता करत. "खुंटी निगाली." खुंटी जागेवर. मी कंटाळून गेलो. आयुष्यभर जे मागितलं ते मिळालं, तरी ह्यांचं समाधान नाही, असं मनात म्हणत मी एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जरा फणकाऱ्यानंच जाऊन बसलो.

"नर्सबाई, सगळं ठीक आहे तिथं. मी स्वतः बघितलं."

"आसंल," त्या म्हणाल्या.

समोर एक गाडी थांबली. चार-पाच बायका उतरल्या, पाटी वाचली आणि सरळ तिकडं चालू लागल्या. एकीनंही इकडंतिकडं पाहिलं नाही. नर्सबाई त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या. तिपाईवरचे पेले पालथेच होते. मी सहज एक सुलटा केला, तर बुडाच्या कडेनं धूळ होती.

"बरं चाललंय का?" मी विचारलं. हे विचारायला मला इतके महिने का लागले, कोण जाणे.

"बरंच चाललंय. लेक फोन करती की रोज ठाण्यास्नं. जेवली का, गोळी घेतली का. जल्मभर मी लोकांला हेच इचारलं, गुर्जी. आता मला इचारत्यात. 'व्हय' म्हनायचं आन् ठिवायचा. लोकं मला कशापायी नुसतं 'व्हय' म्हनायची, ते आत्ता कळतंय."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

"बाई मोकळी झाली की बोलती," त्या म्हणाल्या. "ते तुमा गड्यांला न्हाई कळायचं. लई येळ धरून ठिवलेलं आसतं. मग त्या खुर्चीत बसली की काय बी बोलती. पुन्यांदा भेटायचं नसतं ना, म्हनून. एक पोरगी सासूसंगं आल्ती, मुलगा व्हावा म्हनून नवस बोलाया. हितं बसून म्हनली, मावशी, मला आता मूलच नको. सासू भाईर उभी. मी दार लावून घेतलं, म्हनलं रड. एक बाई तर निस्ती बसली. काय बोलली न्हाई. जाताना म्हनली, कुनी बस म्हनल्याला लई दिस झालं. पान्याचं तर निमित्त व्हतं, गुर्जी."

"मग तुम्हीच कशाला मागं लागलात त्या बांधकामाच्या?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माझ्या दाराम्होरं येक गाडी थांबती तवा दुसऱ्या दहा पुढं जात्यात. त्यातल्या बायांनी काय करायचं व्हतं?" मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, कढीपत्ता न्या. मी नेला.

त्यानंतर फोन थांबले. मला वाटलं, बरं झालं. मग एका रविवारी दुपारी पुन्हा आला. "गुर्जी, पाणी न्हाई तिथं." आवाज घाईचा होता. मी जेवत होतो. हात धुतला आणि उन्हात निघालो. टाकीत पाणी काठोकाठ. नळ सोडून पाहिला, धो धो आलं. मी त्याच पाण्यानं तोंडावर दोन हबके मारले आणि बाहेर पडलो.

एक मिनीबस थांबली होती. त्यातल्या बऱ्याच बायका माझ्या अंगावरून आत गेल्या. दोघी मागं राहिल्या होत्या. एक म्हातारी, गुडघ्यांनी जायबंदी, आणि तिचा हात धरून तिची सून असावी अशी एक. आणि त्यांच्या वाटेत, भर रस्त्याच्या कडेला, पदर खोचून नर्सबाई उभ्या होत्या.

"तिकडं नका जाऊ," त्या सांगत होत्या, "पाणी न्हाई. बंद हाय. माझं घर हे काय समोर."

सुनेनं लांबच्या पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी तिकडूनच येत होतो. माझ्या कोपरांवरून पाणी गळत होतं.

"काका, खरंच बंद आहे का हो?"

मी नर्सबाईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. भर सभेत कुणाच्याही डोळ्याला डोळा देणारी ती बाई रस्त्यावरच्या डांबराकडं बघत होती.

मी हात पाठीमागं विजारीला पुसले.

"बंदच आहे," मी म्हणालो. "सकाळपासून. तुम्ही यांच्याकडंच जा."

मागून बायकांच्या बोलण्याचा आणि नळाचा आवाज येत होता. मी दोन पावलं बाजूला सरून, त्यांना पलीकडचं दिसणार नाही असा मधे उभा राहिलो. म्हातारी म्हणाली, "बाई, मला मेलीला चालवत पण नाही." नर्सबाईंनी पुढं होऊन तिचा दुसरा हात धरला. "सावकाश," त्या म्हणाल्या, "उंबरा हाय." तिघी आत गेल्या आणि दार लोटलं गेलं.

थोड्या वेळानं मिनीबसच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मग तो उतरून माझ्याकडं आला. "सर, आमच्या दोन बाया राहिल्यात. तुम्ही पाहिल्यात का? आम्हाला अंधाराच्या आत दर्शन घेऊन खाली उतरायचंय."

"येतील," मी म्हणालो, "चहा घ्या तोवर."

तो नको म्हणत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हॉटेलात नेलं, रस्त्याकडं पाठ होईल अशा बाकड्यावर बसवलं आणि चहावाल्याला सांगितलं, आलं घालून कर, नीट उकळू दे, घाई नाही.